फरशीतले शिंपले

महोदय,
जैसलमेरचा पिवळा चुनखडक घराघरांत बसतो आहे. हा दगड सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातला, त्यामुळे त्यात शिंपले खरोखरच सापडतात. पण फरशीवरची प्रत्येक नक्षी म्हणजे जीवाश्म नव्हे. नेच्याच्या पानासारखी काळी जाळी दिसली, तर ती बहुधा मँगनीजची. भेगेतून झिरपलेल्या पाण्याने रंगवलेली, पानासारखी मधली शीर नसलेली.

ओळखायचे असे : फरशी ओली करून दहापट भिंगातून पाहा. शिंपल्याचा छेद बारीक, एकसारख्या जाडीच्या कमानीसारखा दिसतो. सागरी लिलीचे (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याचे) तुकडे तिरप्या उजेडात आरशासारखे चमकतात, कारण प्रत्येक तुकडा कॅल्साइटचा (चुनखडकाच्या मुख्य खनिजाचा) एकच स्फटिक असतो. चुनखडकाची खात्री करायला व्हिनेगरचा थेंब पुरे, बुडबुडे आले की चुनखडक; मात्र तो मागच्या बाजूस टाका. पॉलिशवर पडला तर कायमचा डाग! डोलोमाइट (चुनखडकासारखाच, पण मॅग्नेशियम असलेला खडक) असेल तर खिळ्याने खरवडलेल्या भुकटीवरच काय ते बुडबुडे येतात.

आपल्या शहाबादीत मात्र शंख शोधू नयेत. तो खडक शंखशिंपले अवतरण्याआधीचा आहे.

– एक वाचक