आजीची बशी

महोदय,
आपल्या रविवार पुरवणीतला इजिप्तवरचा लेख आवडला. पण त्यात पिरॅमिड आणि ममीच होत्या. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी हाही त्या देशाचा वारसा आहे.

दक्षिण इजिप्तमधल्या आस्वानजवळ घर्ब सोहेल या नुबियन, म्हणजे तिथल्या नाईलकाठच्या मूळ रहिवाशांच्या, गावात एका घरी आम्हाला करकदे, म्हणजे अंबाडीच्या जातीच्या फुलांचं लाल सरबत, मिळालं. भिंतीत चिनी मातीची बशी बसवलेली, कडेला टवका उडालेला. नुबियन घरांची ही जुनी रीत. घरधनीण कोम ओम्बोकडच्या वसाहतीतून लग्न होऊन आलेली. आस्वानच्या उंच धरणासाठी १९६३-६४ मध्ये सुमारे ५० हजार नुबियनांना तिकडे हलवलं, तेव्हा तिच्या आजीने भिंत खरवडून ही बशी काढली, शालीत गुंडाळली आणि बोटीत मांडीवर घेऊन बसली. सांगताना बाईंचं बोट त्या टवक्यावरून फिरत होतं.

त्याच धरणाच्या पाण्यातून वाचवायला अबू सिंबेलची प्राचीन देवळं तुकडे करून उंचावर नेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या बशीबद्दल कोण लिहिणार? माझं आजोळ कोयनेच्या शिवसागरात बुडालं. आईने जात्याचा खुंटा तेवढा आणला होता. मला तिथे रडू आवरलं नाही.

पुढच्या लेखात या नुबियन आज्यांनाही जागा द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, पाटण