रविवारी बी.पी. तपासणी : वही आणि मशीन सोबत आणा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 9 वाजता आपल्या इंदूरच्या मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये रक्तदाब तपासणी आहे. ज्यांच्याकडे घरचं मशीन आहे त्यांनी ते आणि नोंदींची वही जरूर आणावी. डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघता येईल.

घरी मोजताना घाई नको. चहा-कॉफी, तंबाखू किंवा फिरणं झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. मोजताना फोनवर बोलू नका. पट्टा उघड्या दंडावर बांधा, स्वेटरवरून मुळीच नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, कमी आलेला तेवढाच नको. घरची सरासरी 135/85 किंवा जास्त येत राहिली, तर डॉक्टरांना दाखवा.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. पोह्यांवरची शेव, लोणचं, पापड यांतलं मीठही त्यातच धरायचं. आपल्या इंदूरकरांना हे जड जातं, पण शेवेची मूठ लहान करता येते.

बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, ही कळकळीची विनंती. आकडा 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलणं अडखळणं असेल तर थांबू नका, 108 ला फोन करा.

रविवारी जिना चढणं ज्यांना शक्य नाही, त्यांनी शनिवारपर्यंत कळवावं. खाली सोय करू.

— सचिव