श्रीरामपूरला फक्त चाळीस मिनिटं

महोदय,

कालच्या पुरवणीतला हुगळीवरच्या बोटसफरीचा लेख वाचला. ‘संथ’ हा शब्द त्यात सात वेळा आलाय, मोजला मी. संथ होतीच हो ती बोट! आम्ही उभयता गेल्या डिसेंबरात तीच सफर करून आलो. कोलकात्याहून वर जाताना ओहोटी सुरू झाली आणि बोट अशी रेंगाळली की घाटावरच्या एका बाईंनी अख्खं धुणं आटोपलं, त्या पायऱ्या चढून घरी गेल्या, तरी आम्ही त्याच घाटासमोर. त्याबद्दल तक्रार नाही, नदी आहे ती. पण वाया गेलेला वेळ आयोजकांनी जेवणातून कापला नाही, श्रीरामपुरातून कापला. पत्रकात दोन तास छापलेले, मिळाली चाळीस मिनिटं.

(श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगरकडचं नव्हे. लेखात ‘सेरामपोर’ छापून आपण ती अडचण परस्पर मिटवलीत म्हणा.)

1755 ते 1845 हे गाव डेन्मार्ककडे होतं, सेंट ओलाव्ह चर्च, डागडुजी केलेली जुनी टॅव्हर्न, सगळं लेखात आहे. विल्यम कॅरीला मात्र एक ओळ, तीही ‘धर्मप्रसारक’ एवढीच. मी तीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले आहेत, म्हणून हे लागलं. कॅरीनं लिहिलेलं मराठीचं व्याकरण 1805 साली याच गावी छापलं गेलं, नागरी खिळ्यांत. त्याचा 1810 चा मराठी कोश तर मोडी लिपीत! हात न उचलता लिहायची लिपी सुट्या खिळ्यांत बसवायची म्हणजे काय, ते एखाद्या जुळाऱ्याला विचारा. कॅरीच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. मराठी वर्तमानपत्राच्या लेखात यातलं अक्षर नसावं?

कॅरीच्या कॉलेजचे खांब मला बोटीतूनच दिसले. उतरतो म्हटलं, तर गाइड म्हणाले, वेळ नाही. आम्ही महाराष्ट्राचे हे कळल्यावर मात्र त्यांना वेळ सापडला. बर्गी, म्हणजे मराठे, बंगालवर कसे चालून आले, त्यांच्या धास्तीनं कलकत्त्यात 1742 मध्ये खंदक कसा खणला, हे माइकवरून तपशीलवार. सगळी बोट आमच्याकडे वळून बघत होती. सौ. हळूच म्हणाली, “चाळीस मिनिटांत लुटणार तरी काय होतो आपण?”

ज्यांना श्रीरामपूर खरंच बघायचंय, त्यांनी हावड्याहून लोकल धरावी. तासाच्या आत पोचतात, आणि परत कधी निघायचं ते आपल्या हातात.

आपला,
एक जुना वाचक (आणि जुळारी)

ता. क. त्याच पानावर ‘जीर्णोद्धार’ दोनदा आलाय, दोन निराळ्या तऱ्हांनी, आणि दोन्ही चूक. पूर्वी आपल्याकडे मुद्रितशोधक असत.