मावशी, तुम्हाला गाडीची गरज नव्हती

मावशी, सलाम.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते घडी घालून पवित्र शास्त्रात, बायबलच्या पानांत ठेवून दिलं असतं आणि कुणालाच कळलं नसतं. म्हणून उघडं लिहितोय.

२०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता. लॉकडाऊन, चर्चला कुलूप. पहाटे पाचच्या आधी तुमचा फोन आला. रिकाम्या कबरेचा उतारा वाचलात, एक कडवं म्हटलंत, प्रार्थना केलीत आणि "आता पुढच्या घरी लावते" म्हणून ठेवलात. मी आमेन म्हटलं ते नुसतं तोंडानं.

बेळगावच्या उद्यमबागेतली आमची फाउंड्री तेव्हा बंद होती. उघडली तेव्हा निम्म्याच माणसांना बोलावणं आलं. मला आलं नाही. बावीस वर्षं मोल्डिंगच्या वाळूत हात घातलेला माणूस घरी बसला. पुढच्या मे महिन्यात बाबा गेले. मातीला आम्ही चौघंच. त्यानंतर चर्च उघडलं तरी मी गेलो नाही. बायको मुलांना घेऊन जायची. मी 'अंग दुखतंय' म्हणायचो. खरं कारण तिलाही सांगितलं नव्हतं: डोळे मिटले की समोर कुणीच नाही असं वाटायचं.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. फक्त एका शनिवारी दारात येऊन म्हणालात, "गुडघं लई दुखतंय रे बाबा. उद्या गाडीवरनं चर्चला सोडतोस काय?"

मी सोडलं. तुम्ही आत गेलात, मी समोरच्या चहाच्या गाड्यावर बसलो. असे सहा-सात रविवार गेले. मग एकदा पाऊस आला म्हणून व्हरांड्यात उभा राहिलो. आतून गायनाचा आवाज येत होता, बाबा ज्या सुरात गायचे त्याच सुरात. पुढच्या रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, याबद्दलही आभार.

त्याच डिसेंबरात आपल्या गावातल्या सुवर्ण सौधात, कर्नाटकच्या विधिमंडळात, धर्मांतरविरोधी विधेयक आलं. २३ तारखेला विधानसभेत मंजूर झालं, नाताळ दोन दिवसांवर. मंडळीत कुजबुज सुरू झाली: घरोघरी गाणी म्हणत फिरायचं की नाही, घरातल्या प्रार्थनेला खिडक्या लावून घ्यायच्या काय. तुमच्या घरी त्या आठवड्यात प्रार्थना होती. कुणीतरी दार लोटायला उठलं, तर तुम्ही म्हणालात, "उघडंच असू दे. शेजारीण करंज्या घेऊन यायची आहे." ती आलीही, आणि प्रार्थना संपेपर्यंत उंबऱ्यापाशी बसून राहिली. भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून मी दार लोटून प्रार्थना केली नाही.

एका रविवारी चर्चमधून परतताना तुम्ही गाडीवर बोलत होतात ते अजून कानात आहे. १८२० मध्ये लंडन मिशनची माणसं इथं आली, १९०४ मध्ये काम मेथडिस्ट मिशनकडे गेलं. १९५६ ला आपण मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलो, १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. "एवढं सगळं बदललं बघ. आमची आई मात्र दर रविवारी तीच पांढरी साडी नेसून निघायची."

माझ्या धाकट्या मुलीला मराठी वाचता येत नव्हतं, शाळा इंग्रजी. तिला गायनाच्या पुस्तकावर बोट ठेवून अक्षरं शिकवलीत तुम्ही. मागच्या नाताळात तिनं मंडळीपुढं उतारा वाचला. 'क्ष'ला अडखळली, तेवढंच.

आणि गुडघ्यांचं. दीड वर्षानं खडेबाजारात तुमची ओळखीची भाजीवाली म्हणाली, "मावशी होय? रोज सकाळी चालतच येतात की." मी तिथंच पिशवी हातात धरून उभा राहिलो. डोळे भरले होते.

तुम्हाला हे मला कळलंय, हे आजवर सांगितलं नव्हतं. आता गुडघे खरंच दुखतात, तर जिना उतरून खाली थांबू नका. रविवारी पावणेनऊला मी वर येतो.