परसातली छत्री भंगारात देण्याआधी मोटर उघडून पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कराड-पाटण भागातल्या गावांत अजून कितीतरी परसांत टीव्हीच्या आठ फुटी जाळीच्या छत्र्या, म्हणजे मोटरने एकेका उपग्रहाकडे वळणाऱ्या डिश अँटेना, उभ्या आहेत. हल्ली त्या एकेक करून भंगारात चालल्या आहेत. जाळी वजनावर जाते, खांब वेगळा कापला जातो. का काढली म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले: "मोटर गेली, फिरत नाही." मी 1992 पासून केबलच्या धंद्यात होतो आणि या मोटरी आजही दुरुस्त करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मोटरी गेलेल्या नसतातच, हे सांगण्यासाठी हे पत्र.

छत्री फिरवणाऱ्या जॅकमध्ये 36 व्होल्ट डीसीची मोटर, गिअर आणि नळीतून आत-बाहेर सरकणारी दांडी असते. त्याला घरातल्या कंट्रोलरपासून, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्यापासून, चार वायरी जातात. दोन जाड, त्या करंटच्या. दोन बारीक, त्या मोजणीच्या. मोजणीचे काम रीड स्विच करतो. काचेच्या इवल्या नळीत दोन पात्या असतात, गिअरबरोबर फिरणारे चुंबक समोरून गेले की त्या एकमेकींना चिकटतात आणि कंट्रोलरला एक ठोका मिळतो. छत्री किती सरकली हे कंट्रोलरला या ठोक्यांवरूनच कळते. ठोके आले नाहीत, तर मोटर अडकली असे धरून तो काही सेकंदांत करंट तोडतो. घरच्यांना वाटते, मोटर जळाली. प्रत्यक्षात रीड स्विच फुटलेला असतो, नाहीतर बारीक वायर उंदराने कुरतडलेली असते. एवढ्यासाठी अख्खा जॅक बदलायला सांगतात, नवा जॅक बाजारात सहज मिळत नाही, आणि मग छत्रीच विकली जाते.

तपासणी सोपी आहे. जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवून त्यांना 12 व्होल्टची बॅटरी लावा. दांडी सावकाश का होईना सरकली, तर मोटर शाबूत आहे. नाही सरकली, तर वायरी उलट करून पाहा. दांडी टोकाला गेलेली असेल तर लिमिट स्विच तिला फक्त माघारी येऊ देतो. मोटर चालत असेल, तर दोष बारीक वायरींच्या बाजूला शोधायचा.

मोटरच खरोखर बसली असेल, तर कारण बहुतेक वेळा पाणी. आमच्याकडचा पाऊस उघड्यावरच्या लोखंडाला सोडत नाही. मोटरच्या डब्याला पाणी निथळायला भोक असते आणि ते खालीच हवे. घाईत बसवणारा डबा फिरवून बसवतो, किंवा कुंभारीण माशी त्या भोकात मातीचे घर करते, आणि पाणी आतच राहते. दांडीवरचे रबर फाटले की नळीतही पाणी शिरते, ग्रीस ताकासारखे पांढरे होते, स्क्रूच्या आट्यांवर गंज चढतो. अशा वेळी सगळे सुटे करावे, रॉकेलने धुवावे, पूर्ण वाळवावे, झिजलेले कार्बन ब्रश बदलावेत. नवे ग्रीस स्क्रूला आणि गिअरला. मोटरच्या कम्युटेटरला, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाला, ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. जॅक सोडवण्यापूर्वी छत्री दोराने खांबाला घट्ट बांधा. तिला एका जागी धरून ठेवणारा तो जॅकच असतो. तो निघाला की एवढी मोठी छत्री स्वतःच्या वजनाने गरकन फिरते आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला जायबंदी करते. आणि मागच्या पोलर माउंटचे, म्हणजे छत्री ज्या तिरप्या अक्षावर फिरते त्या बैठकीचे, बोल्ट हलवू नका. तो कोन आपल्या अक्षांशाप्रमाणे, म्हणजे कराडला सुमारे 17 अंशांच्या हिशेबाने, एकदाच लावलेला असतो. म्हणून तर एकाच मोटरवर छत्री 68.5 अंश पूर्वेपासून 105.5 अंश पूर्वेपर्यंतचे उपग्रह ओळीने गाठते.

त्या 105.5 अंशांवरच्या एशियासॅट-1 वरून 1991 मध्ये स्टार टीव्ही आपल्याकडे आला आणि आमचा धंदा उभा राहिला. तो उपग्रह स्वतःच दुरुस्त केलेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वेस्टार-6 या नावाने तो फेब्रुवारी 1984 मध्ये अमेरिकेने सोडला, पण भलत्याच कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर आणला. नीट करून 1990 मध्ये चिनी रॉकेटवरून पुन्हा वर पाठवला. अंतराळातून परत आणून उपग्रह दुरुस्त होतो, तर परसातली मोटर का होऊ नये?

या छत्रीचा आता उपयोग काय, असे तरुण मुले विचारतात. मुसळधार पावसात छोट्या डिशचे चित्र जाते, तेव्हा सी बँडच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी घेणाऱ्या, मोठ्या छत्रीवर ते बहुधा टिकते, कारण तिच्या लहरींची लांबी जास्त असते आणि पावसाचा त्यांना त्रास कमी. दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 महाकाय छत्र्या आहेत, त्याही जाळीच्याच. आपल्या आठ फुटी छत्रीचा फीड, म्हणजे जाळीसमोर लहरी गोळा करणारा भाग, बदलला, तर आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या 1420 मेगाहर्ट्झच्या लहरी तिच्यावरही टिपता येतात. आयटीआयच्या मुलांना मोटर, गिअर आणि सेन्सर एकाच यंत्रात शिकता येतील, आणि कॉलेजच्या मुलांना घरबसल्या रेडिओ दुर्बीण मिळेल.

म्हणून माझी विनंती आहे की ज्यांना छत्री काढायचीच असेल, त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये किंवा कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात विचारावे. आणि त्या संस्थांनी छत्री नेताना जॅक, कंट्रोलर आणि चारही वायरी सोबत मागून घ्याव्यात.

आपला,
एक जुना केबलचालक
कराड, जि. सातारा