बाजार भरत होता तिथली पाऊलवाट

चाळीसगाव,
फाल्गुन वद्य पंचमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शाळेमागच्या टेकडीवर मुलांसाठी निसर्गवाट आखायचे तू ठरवले आहेस, हे वाचून आनंद झाला. पाट्यांवर काय लिहावे, असे तू विचारलेस. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी देवळाभोवतीच्या जंगलात दोन वर्षे मुलांना हिंडवल्यावर मला एक गोष्ट पटली आहे: एका वाटेला एकच सूत्र असावे.

पहिल्या वर्षी मी नेमके उलट केले. वनखात्याची परवानगी काढून देवळापासून पुढच्या वाटेवर चौदा तक्ते लावले आणि त्यांत साग, धावडा, बिबट्या, यादवकाळ, पितळखोऱ्याची लेणी, 1986 साली जाहीर झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य, असे सगळे कोंबले. मुले खाली मान घालून तक्ते वहीत उतरवत राहिली. परतताना मी वाटेवरचा धावडा दाखवला, तर तो एकालाही ओळखता आला नाही. फार वाईट वाटले.

गेल्या वर्षी तक्ते काढले आणि एकच ओळ घेऊन निघालो. इथल्याच जुन्या पाटण गावचा शिलालेख तुला ठाऊक असेल. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी या गणित-ज्योतिषावरच्या ग्रंथाच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्या मठाला दिलेल्या दानांची नोंद शके 1128 च्या, म्हणजे सुमारे 1206 सालच्या या लेखात आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृत असला, तरी शेवटी मराठी येते: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे...’ या पाटणात जो माल विकायला येईल, त्यावर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिले, असा पुढचा आशय. आज जिथे वानरांच्या हुपहुपीखेरीज आवाज नाही, तिथे आठशे वर्षांपूर्वी बाजारपेठ होती, हे ऐकताच मुले थबकली. मग मी एवढेच विचारले, “या रानातून बाजारात काय काय जात असेल?”

त्यानंतर प्रत्येक झाड त्यांनीच तपासले. मोहापाशी टोळंबीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची गोष्ट निघाली, चारोळीपाशी भांडणच जुंपले. सगळ्यांत जास्त वेळ गेला तो कांडोळापाशी. या दिवसांत तो निष्पर्ण उभा असतो आणि त्याची पांढुरकी साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते. एका मुलीने सुटत आलेला पापुद्रा बोटाने हलकेच बाजूला केला, तर खाली फिकट हिरवा रंग दिसला. पाने गळल्यावरही त्या हिरव्या थरात थोडे अन्न तयार होते, हे सांगितल्यावर तिने तळहात खोडावर टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. खोडावर एका जुन्या घावाशी डिंकाचा वाळलेला खडा होता. डिंकासाठी सालीवर घाव घालतात आणि हव्यासाने फार घाव घातले तर झाड मरते, हे कळल्यावर ती म्हणाली, “मग राजाने कर किती घ्यायचा, हे झाडाला कुणी विचारले?” मला उत्तर सुचले नाही. तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे.

म्हणून तू पाट्या रंगवायला देण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. त्या टेकडीवरून पूर्वी काय खाली यायचे, चारा, मध, चुनखडी की नुसते पाणी, ते विचार आणि तेवढाच धागा धरून झाडे निवड. पाटी लावायचीच असेल, तर तिच्यावर एकच प्रश्न असू दे.

मोहाची फुले गळू लागली आहेत. पुढच्या आठवड्यात सवड काढ. पहाटेच पाटणादेवीला जाऊ, कारण नऊनंतर ऊन सोसवत नाही.

तुझा,
जुना सोबती