घरजावयाचं पत्र

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून आधी घाबरू नका, सगळं ठीक आहे. रोज व्हिडिओवर बोलतो तरी पत्र कशाला, असं आई म्हणणार. पण फोनवर तू 'जेवलास का' विचारतेस, बाबा 'पाऊस काय म्हणतो' विचारतात, तेवढ्यात आमची चिंगी फोन घेऊन अंगणात पळते. तुमच्या साडेआठला इथे अकरा वाजलेले असतात, त्यामुळे मीही अर्धा झोपेत. बोलायचं ते राहूनच जातं.

आई, शेजारच्या काकूंना तू सांगितलंस की माझी बदली झाली. वहिनीकडून कळलं. रागावलो नाही, हसू आलं. पण बदली वगैरे काही नाही. सिंगापूरची नोकरी सोडली आणि बायकोच्या माहेरी, फिलिपिन्सला, राहायला आलो, याला आपल्याकडे जो शब्द आहे तो तुझ्या तोंडातून निघेना, एवढंच. पुढच्या वेळी बिनधास्त सांग, घरजावई झालाय म्हणून. इथे या शब्दाला तो वास नाही. पोरगा बायकोच्या घरी राहिला काय, मुलगी सासरी गेली काय, ज्या म्हाताऱ्यांना गरज त्यांच्या जवळ कुणीतरी राहायचं, एवढाच हिशोब.

आणि इथे गरज होती. नानायची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, उजवी बाजू गेल्या वर्षी गेली. तुमच्या सुनेचा मोठा भाऊ जहाजावर, धाकटा रियाधला. वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेरदेशी आहे, आपल्याकडे घरटी एक मुंबईला असायचा तसं. तुमची सून स्वतः नर्स आहे, चार परक्या देशांतल्या म्हाताऱ्यांचं तिने केलं, आणि आईचं करायला पगारी बाई ठेवायची, हे तिला सोसवेना. मलाही. दादा-वहिनी तुमच्याजवळ आहेत म्हणून मी हे करू शकलो. ते माझं नशीब. माझी सबब नव्हे, हेही कळतं.

आता आईचे प्रश्न. धर्म बदलला नाही, हे सहा वर्षांत दहाव्यांदा सांगतो. चर्चमध्ये लग्न लागायला बिशपची परवानगी काढावी लागली, कारण एकजण बाप्तिस्मा न झालेला. ती मिळाली, संपलं. लग्नात दोघांच्या खांद्यांवरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एक दोरी घालतात, तिला 'युगाल' म्हणतात. मला वाटलं, आपलं युगुलच! शब्द स्पॅनिश निघाला, मूळ अर्थ बैलाचं जू. आपल्या उपरण्याच्या गाठीपेक्षा प्रामाणिक वाटला मला. आणि या देशात मुसलमान सोडले तर घटस्फोटाचा कायदाच नाही, तेव्हा 'टिकेल ना रे' हाही प्रश्न मिटला.

खातो काय? भात. सकाळी, दुपारी, रात्री. न्याहारीला भात आणि खारवलेला मासा. इथे 'गिनामोस' म्हणून कोलंबीचा आंबवलेला लगदा असतो. त्याचा वास आला की आपल्या सुकटीवर नाक मुरडणारा पुण्याचा मामा आठवतो. कैरीच्या फोडी त्यात बुडवून खातात. पहिल्या दिवशी नको वाटलं, आता बोटं चाटतो. पण आई, तुला खरी गंमत सांगायची ती कालवणाची. नानायच्या हातचं घरचं कालवण म्हणजे तूर, कच्चा फणस आणि डुकराचं मटण. तूर! काळसर सालीची, पण तूरच, 'कादियोस' म्हणतात. आणि त्यात आंबटपणाला 'बातुआन' नावाचं हिरवं गोल फळ घालतात. पहिला घोट घेतला आणि ओळखीचं काहीतरी जिभेवर आलं. मग वाचलं, बातुआन आणि कोकम एकाच कुळातले. चुलतभाऊच म्हण. मी चिकन घालून करायला शिकलोय. डुकराचं खातो का ते विचारू नकोस, म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही.

गावात मला काय म्हणतात ठाऊक आहे? 'बुंबाय'. म्हणजे बॉम्बे. इकडे कुठलाही भारतीय बुंबायच. त्यातले बरेच पंजाबी, मोटारसायकलवर फिरून पाच उसने देतात आणि सहा वसूल करतात. आया पोरांना भीती घालतात, जेवला नाहीस तर बुंबाय पोत्यात घालून नेईल. मोठ्या कांद्यालाही बॉम्बेच म्हणतात. म्हणजे जन्मभर मुंबईत न राहिलेला रत्नागिरीचा माणूस इथे येऊन मुंबईकर झाला, आणि वर सावकार नि कांदाही. घरात मात्र नानाय मला 'तोतो' म्हणते, आपल्या 'बाळा'सारखं. चिंगीला 'नेने' म्हणतात, लहान मुलीला लाडाने तसंच म्हणतात. आपल्या आळीतल्या नेने मास्तरांना सांगा, त्यांच्या नावाने इथे रोज कुणीतरी कडेवर बसतं. भाषा इलोंगो. इतकी मऊ, हेल काढून बोलतात की भांडणही अंगाईसारखं ऐकू येतं. तुमची सून माझ्यावर चिडते तेव्हा मला अर्ध्या तासाने कळतं.

बाबा, तुमच्यासाठी जमिनीचं. घर, बाग, सगळं तिच्या नावावर आहे. परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नाही, थेट राज्यघटनेतच लिहिलंय. सातबारा नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन घेता येत नाही, तसंच समजा. मी दरवर्षी सुरुवातीच्या दोन महिन्यांत परकीय नागरिक म्हणून हजेरी लावून यायचं. कागद पुष्कळ. ते सोडा, बागेचं ऐका.

गिमारास हे बेट इलोइलो शहरासमोर आहे. होडीने पंधरा-वीस मिनिटं, एवढंच जवळ. बेट आंब्याचं. मला काय माहीत होतं, लग्न करताना मी आंबेवाल्याच्याच घरात पडतोय! बाहेरचा आंबा बेटावर आणायला बंदी आहे. इथे कोयीतला आणि गरातला भुंगा नाही, तो बाहेरून येऊ नये म्हणून. एक फळसुद्धा आणलेलं चालत नाही. तेव्हा हापूसची पेटी आणायचा विचार असेल तर सोडा, बंदरावरच जप्त होईल. आपल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, यांच्या आंब्याला २०२३ मध्ये. फळ लांबट, पिवळंधमक, रेषा नाही. खरं सांगू? गोडीला हापूसच्या पुढे. वासाला फार मागे. पेटी उघडल्यावर घर भरतं, ते इथे होत नाही. हापूसशिवाय गेलेला हा माझा पहिलाच मे महिना.

मोहोराचं मात्र तुम्ही बघायला हवं. तुम्ही कल्टारला, त्या मुळाशी घालायच्या मोहोराच्या औषधाला, शिव्या घालता, झाडाचं रक्त पितात म्हणता. इथे मुळाशी काही घालत नाहीत. पानं जून झाली की पोटॅशियम नायट्रेट फवारतात, तुमचं ते तेरा-शून्य-पंचेचाळीस खत! तुम्ही फळ धरायला मारता, हे मोहोर काढायला मारतात. दोनेक आठवड्यांत कोंब फुटतो, आणि फवारल्यापासून सुमारे १२० दिवसांनी फळ. रामोन बार्बा नावाच्या इथल्याच शास्त्रज्ञाने हे सत्तरच्या दशकात शोधून काढलं आणि शेतकऱ्यांकडून त्याचा पैसा घेतला नाही. हापूसला असं लागू पडेल का, माझी शंका आहे. पण एकदा झाडापाशी उभं राहून तुम्ही आणि इथला मामा या विषयावर भांडलात, कुणालाच कुणाची भाषा न कळता, तर मला बघायला आवडेल.

फळ अंड्याएवढं झालं की एकेकाला वर्तमानपत्राची पिशवी घालतात. झाडावर चढून, कागद फळाभोवती गुंडाळून, वर नारळाच्या हिराने टोचायचा. हजारो पिशव्या लागतात. त्या दुमडायचं काम नानायचं. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हाताने कागद मांडते, कोपर दाबून धरते, अंगठ्याने घडी पाडते. पहिल्या दिवशी चार झाल्या, आता सकाळभरात साठ. डॉक्टर म्हणाले यापेक्षा चांगला व्यायाम नाही. आई, फेब्रुवारीत तू मेतकूट आणि आमसुलं पाठवलीस ना, त्याच्याभोवतीचा कागद तिने फेकू दिला नाही. मार्चमध्ये बागेतून जाताना वर बघतो तर पिशवीवर आपल्या शिमग्याच्या पालखीचा फोटो! आजूबाजूला सगळे मनिलाचे पेपर आणि मध्ये एक पालखी लोंबतेय. मी तिथेच खाली बसलो. ते फळ काढलं तेव्हा अर्धं नानायने खाल्लं, अर्धं चिंगीने. मला कोय मिळाली.

आता जे फोनवर जमत नाही ते. सासरे गेले तेव्हा आम्ही सिंगापुरात होतो. इथे माणूस गेला की घाई करत नाहीत. पुढच्या खोलीत पेटी, दिवे, रात्रभर जाग, कॉफी, बिस्किटं, पत्त्यांचा डाव. बाहेरदेशीची मुलं पोचेपर्यंत थांबतात. मोठा मेहुणा जहाजावरून उतरून सातव्या दिवशी आला. दारात आला तेव्हा कुणी काही बोललं नाही, फक्त बाजूला झाले. मी त्या खोलीत बसून एकच गणित करत होतो. होडी, इलोइलोहून मनिला, मनिलाहून सिंगापूर, मग मुंबई, मग रात्रीची गाडी. कसंही केलं तरी दीड दिवस. आपल्याकडे दीड दिवस कोण थांबतं?

हे मी गणपतीत बोलायचा प्रयत्न केला होता. बाबा, तुम्ही पडवीत सुपारी कातरत होतात. मान वर न करता म्हणालात, "मेल्यावर धावत येऊ नको, तेव्हा मी काय बघणार आहे? जिता आहे तोवर दर चतुर्थीला ये." आई आतून ओरडली, "भरल्या घरात काय बोलता!" आणि विषय संपला. माझा संपला नाही. ते वाक्य मी बरोबर आणलंय. यंदाची तिकिटं काढली आहेत, तिघांची. चाकरमान्यासारखा येणार आणि आरत्या घसा बसेपर्यंत म्हणणार.

पण एकदा तुम्हीही या. आता आपल्या लोकांना १४ दिवस व्हिसाशिवाय येता येतं, आणि दिल्लीहून मनिलाला सरळ विमान सुरू झालंय. दिवाळी आणि भाताची झोडणी उरकली की निघा, आपल्या मोहोराच्या आत परत. नोव्हेंबरअखेर इथे दारोदार चांदणीचे कंदील लागलेले असतात, बांबूच्या कामट्या आणि कागद, आपला आकाशकंदीलच. गेल्या वर्षी मी केला तो तुम्ही शिकवलेल्या पद्धतीने, तेव्हा चांदणीऐवजी षट्कोनी झाला. कुणी नावं ठेवली नाहीत. चिंगी तुमच्या पाया पडेल की हात घेऊन कपाळाला लावेल, सांगता येत नाही. इथे तसा नमस्कार असतो. ती सध्या दोन्ही करते.

नानायला इंग्रजी जेमतेम येतं, आईला तेवढंही नाही. मला त्याची काळजी नाही. तूर निवडायला बसलात की झालं.

आणायचं ते: आमसुलं, गोडा मसाला, माझं ते जुनं उपरणं. आंबा नको, कोय नको, कलमाची काडी तर मुळीच नको. बाबा, मी तुम्हाला ओळखतो. आणि बॅगेत जागा उरली तर रद्दी घाला, मराठी पेपरांची, जेवढी मावेल तेवढी. नानायने मुद्दाम सांगितलंय, तो कागद चांगला दुमडतो.

तुमचा,
बाब्या